कन्झर्व्हेटरी म्हणजे काय हो ताई?

(रेडिओवरील भाषण)

दुपारची जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासत घासतच ऐका, कान तेवढा इकडं असू द्या.

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात गटातल्या एका वहिनींनी पदराआडून मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. त्यांची लेक बारावी झालीय. देवळातल्या भजनी मंडळात गाते, गाण्याच्या परीक्षाही देतेय. गळा चांगला आहे, हे गावातलं कुणीही सांगेल. तिनं मोबाईलवर कुठल्याशा लांबच्या शहरातल्या संस्थेची माहिती शोधून काढली होती. सगळं इंग्रजीत, आणि संस्थेच्या नावात एक लांबलचक शब्द. कन्झर्व्हेटरी.

“ताई, हे काय असतंय?” वहिनींनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, “अगं, माझ्या भाच्याच्या घराला हाय की! इंग्लंडात असतोय न्हवं. मागल्या दाराला काचेची खोली काढलीय. कुंड्या ठेवल्यात, दोन खुर्च्या टाकल्यात. त्याला कन्झर्व्हेटरी म्हंत्यात.”

आमच्यातली एक जण जयसिंगपूरच्या बाजूला गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला जाते. ती म्हणाली, “म्हंजी आमचं पॉलिहाऊसच की!”

तशी सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, “मग काचंच्या घरात बसवून गाणं शिकवत्यात व्हय? पोरगी उकडून निघंल!”

सगळ्या हसल्या. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांना घरी जाऊन दिरांना उत्तर द्यायचं होतं. दिरांनी एकच विचारलं होतं, पोरीला पाठवायचं ते नेमकं कुठं? आणि खरं सांगते, त्या दिवशी मलाही अर्धंच उत्तर देता आलं. गाण्याची शाळा, एवढंच म्हणाले. मग काचेच्या खोलीलाही तेच नाव कसं, हे काही सांगता येईना. घरी आल्यावर पुस्तकं काढली, शोधाशोध केली. त्यात जे सापडलं ते आज तुमच्यापुढं ठेवते.

लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ जपून ठेवणं, राखणं. त्याच्यापासून इंग्रजीत पुष्कळ शब्द आले. त्यातला एक तर आपल्या फळीवरच असतो. फळं साखरेत शिजवून टिकवली की इंग्रज त्याला कन्झर्व्ह म्हणतात. म्हणजे आपला मुरंबाच. गुलाबाच्या पाकळ्या साखरेत मुरवून ते लोकही ठेवत, औषध म्हणून खात. आपण त्याला गुलकंद म्हणतो. तेव्हा हा शब्द ऐकला की आधी मुरंब्याची बरणी डोळ्यांपुढं आणा, पुढचं सोपं जाईल.

आता इटली देशात चला. तिथं समुद्रकाठी नेपल्स नावाचं मोठं शहर आहे. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी त्या शहरात रस्त्यावर पडलेली पोरकी मुलं फार होती. त्यांच्यासाठी धर्मादायातून घरं काढली. सांता मारिया दी लोरेतो नावाचं घर १५३७ साली सुरू झालं. मुलांना जपायची जागा, म्हणून त्या घराला म्हणायचे कॉन्सेर्वातोरिओ. तिथं गाण्याचा काही संबंध नव्हता. भाकरी, अंथरूण, देवाधर्माचं शिक्षण आणि हाताला एखादं काम, एवढंच.

मग गाणं आलं कुठून? गाणं आलं पैशातून. चर्चमध्ये गाणारे लागत. मिरवणुकीत, सणाला, कुणाच्या मयतीलाही लहान मुलांनी गायची रीत होती. ज्याच्या घरचं कार्य असेल तो पैसे देई, ते संस्थेला मिळत. म्हणून मुलांना गाणं शिकवायला लागले, वाद्यं शिकवायला लागले. नेपल्समध्ये मुलांची अशी चार घरं नावाजली. एका घरची मुलं निळे झगे घालत, तर त्या घराचं नावच निळ्यांचं घर पडलं. शिक्षण इतकं चांगलं होऊ लागलं, की चांगल्या घरचे लोक फी भरून आपली मुलं तिथं ठेवू लागले. शंभर-दीडशे वर्षांत शब्दाचा अर्थच पालटला. अनाथाश्रम मागं पडला आणि गाण्याची शाळा हा अर्थ पुढं आला.

चिमारोसा नावाचा एक मुलगा होता. बाप गवंडी, कामावर असताना वरून पडून गेला. आई मठातले कपडे धुवायची. हा पोरगा १७६१ साली त्या लोरेतोच्या घरात दाखल झाला आणि पुढं संगीत नाटकं रचणारा मोठा माणूस झाला. १७९२ साली व्हिएन्ना शहरात त्याचं एक नाटक झालं, ते तिथल्या बादशहाला इतकं आवडलं, की त्यानं सगळ्या मंडळींना जेवण घातलं आणि त्याच रात्री अख्खा खेळ पुन्हा करायला लावला, असं सांगतात. धुणं धुणाऱ्या बाईचा लेक! मला ही गोष्ट फार आवडली.

पण जपणं म्हणजे नुसते लाड नव्हते. बर्नी नावाचा एक इंग्रज १७७० साली ही घरं बघून आला आणि त्यानं सगळं लिहून ठेवलं. एकाच खोलीत सात-आठ पेट्या, तितकीच किंवा जास्त व्हायोलिनं, गाणारे वेगळे, आणि प्रत्येक जण आपापलं निराळंच घोटतोय. बसायला जागा नाही म्हणून पलंगावरच बसायचं. हिवाळ्यात उजाडायच्या दोन तास आधी उठायचं. काही मुलांच्या खोल्या वरच्या मजल्यावर होत्या, बाकीच्यांपेक्षा उबदार, सर्दी होऊन त्यांचा आवाज बिघडू नये म्हणून. ही मुलं कोण? तर वयात आल्यावर आवाज फुटू नये म्हणून ज्यांना लहानपणीच खच्ची केलेलं असे. सांगताना जीभ अडखळते, पण सांगायला हवं. आवाज जपला, मुलाचं काय झालं ते कुणी बघितलं नाही.

आणि मुली? तुमच्या मनात हेच आलं असणार. नेपल्समध्ये मुलींसाठीही अशी घरं होती. तिथं जपायची होती ती मुलीची अब्रू. लग्न ठरेपर्यंत नाहीतर जोगीण होईपर्यंत मुलगी आत, आणि दार बंद. गाण्यात नाव झालं ते नेपल्सच्या मुलांच्या घरांचं.

मुलींच्या गाण्याचं नाव झालं ते व्हेनिस शहरात. तिथंही चार घरं होती, त्यांना कन्झर्व्हेटरी नाही, ओस्पेदाले म्हणत. शब्द दुसरा, पण काम तेच. त्यातलं पिएता नावाचं घर टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी होतं. बाळं वाढायची, मुली शिवणकाम, धुणं, लेस विणणं शिकायच्या, आणि ज्यांना गळा असे किंवा हात असे, त्यांना संगीत. १७०३ साली तिथं व्हायोलिन शिकवायला एक तरुण पाद्री लागला. त्याचं नाव व्हिवाल्डी. आज जगभर त्याचं संगीत वाजतं. त्यातलं कितीतरी त्यानं या पोरक्या मुलींनी वाजवावं म्हणून रचलेलं आहे.

त्या मुलींना आडनाव नव्हतं, बाप माहीत नव्हता. मग ओळख कशी सांगायची? वाद्यावरून. एक होती अॅना मारिया दाल व्हायोलिन, म्हणजे व्हायोलिनवाली अॅना मारिया. व्हिवाल्डीनं तिच्यासाठी मुद्दाम रचना केल्या. हे वाचलं आणि मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. आपल्या नावापुढं बापाचं नाव, मग नवऱ्याचं. आपल्या हातातल्या कलेचं नाव लावायचं झालं तर आपल्यात कोण काय लावेल, असं मनात आलं. आमच्या मावशी तर गोधडीवाल्याच झाल्या असत्या.

ह्या मुली चर्चच्या माडीवर लोखंडी जाळीआड उभ्या राहून गात-वाजवत. खाली देशोदेशीचे लोक ऐकायला येत. आवाज सगळ्यांनी ऐकायचा, चेहरा कुणी बघायचा नाही. आणि पुढचं तर ऐकाच. लग्न करून बाहेर पडायचं असेल तर मुलीला लिहून द्यावं लागे, की यापुढं मी लोकांपुढं गाणार-वाजवणार नाही. वीस-वीस वर्षं शिकवायचं आणि दाराबाहेर पाऊल टाकताना गळा आत ठेवून जा म्हणायचं!

एक मात्र सुटली. माद्दालेना लोम्बार्दिनी तिचं नाव. ती चारांतल्या दुसऱ्या एका घरात लहानपणी आली, व्हायोलिन शिकली. १७६७ साली एका व्हायोलिन वाजवणाऱ्याशीच तिनं लग्न केलं आणि ती नुसती संसाराला लागली नाही, दौऱ्यावर निघाली. पॅरिसमध्ये वाजवलं, लंडनमध्ये वाजवलं, स्वतःच्या रचना छापल्या.

पुढं फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि १७९५ साली पॅरिसला सरकारनं संगीताची मोठी शाळा काढली. नाव इटलीतलंच उचललं, कोन्सर्व्हातुआर. तिथं मुलगे आणि मुली दोघांनाही घेत. अनाथ असण्याची अट गेली, नाव तेवढं राहिलं. तिथून हा शब्द देशोदेशी गेला. कुठं नाटक शिकवतात, कुठं नाच, तरी कन्झर्व्हेटरीच म्हणतात. आपल्या देशात चेन्नईला संगीतकार ए. आर. रहमान यांनी २००८ साली संस्था काढली, तिच्याही नावात हा शब्द आहे.

आपल्याकडं ही कल्पना आली, पण नाव आपलं आलं. बडोद्याला सयाजीरावांच्या राज्यात १८८६ साली गायनशाळा निघाली. आणि आपल्या कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुसकर तुम्हाला ठाऊकच आहेत. लहानपणी दारूकामात डोळे भाजले, दृष्टी अधू झाली, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला घातलं. त्यांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. काही विद्यार्थ्यांना जवळच ठेवून, जेवूखाऊ घालून ते शिकवत. अशा शाळेला इंग्रजीत कन्झर्व्हेटरीच म्हणतील. वहिनींची लेक ज्या परीक्षा देते, त्या या परंपरेतल्या. म्हणजे लांबच्या शहरातला तो अवघड शब्द कुरुंदवाडपासून काही फार लांब नाही.

आधी आसरा आणि मग शाळा, हेही आपण पाहिलेलं आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. त्याला जोडून शाळा झाली आणि १९१६ साली बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं.

आता काकूंच्या भाच्याची काचेची खोली. युरोपात बर्फ पडतो. संत्री-लिंबाची झाडं तिथल्या बड्या लोकांना हौसेनं हवी असत, पण थंडीत ती मरत. म्हणून कुंड्यांत लावून हिवाळ्यात आत आणायची. झाडं जपायची ती जागा, म्हणून सतराव्या शतकात इंग्रजीत तिलाही कन्झर्व्हेटरी म्हणायला लागले. म्हणजे आधी पोरं जपली, मग झाडं.

इंग्लंडात चॅट्सवर्थ म्हणून एका ड्यूकची हवेली आहे. जोसेफ पॅक्स्टन हा तिथला माळी, शेतकऱ्याचा पोरगा. त्यानं १८३६ ते १८४१ या काळात तिथं काचेचं एवढं मोठं घर बांधलं, की आतून घोडागाडी जाई. केळी, ताड, सगळी उष्ण देशांतली झाडं आत. उबेसाठी आठ बॉयलर होते. त्यांचा कोळसा जमिनीखालच्या बोगद्यातून छोट्या रुळांवरून येई, म्हणजे बागेत फिरणाऱ्या पाहुण्यांना ना कोळसा दिसायचा, ना तो ओढणारी माणसं. पुढं १८४९ साली पॅक्स्टननं तिथं एका भल्यामोठ्या कमळाला फूल आणलं. त्याच्या पानावर त्यानं आपल्या लहान मुलीला उभं केलं, पान बुडालं नाही. त्या पानाच्या पाठीवरच्या शिरा बघून आपल्याला काचेचं छप्पर तोलायची युक्ती सुचली, असं तो सांगे. १८५१ सालचा लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्यानंच उभा केला. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, त्यामुळं काच स्वस्त झाली आणि हळूहळू साध्या घरांनाही अशा खोल्या आल्या.

चॅट्सवर्थच्या त्या घराचं पुढं काय झालं? पहिलं महायुद्ध आलं, कोळसा मिळेना, बॉयलर विझले. सगळी झाडं मेली. १९२० साली ते घर सुरुंग लावून पाडलं.

ही काचघराची टूम आपल्याकडंही आली. बंगळूरला लालबागेत काचेचा महाल आहे, त्याचा पाया १८८९ साली घातला. पण आपल्या हवेत झाडांना उबेची काय गरज? तिथं फुलांची प्रदर्शनं भरतात, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला. आपल्याकडच्या पॉलिहाऊसचं काम त्या इंग्रजी काचघराच्या उलटं. तिथं थंडीपासून जपायचं, इथं कडक ऊन, वळवाचा पाऊस, गारा आणि कीड यांपासून. काच नाही, प्लॅस्टिकचा कागद. पॉलिहाऊसमध्ये जाणारी आमची मैत्रीण सांगते, की सकाळी लवकर फुलं तोडून घ्यायची, कारण दहानंतर आत उभं राहवत नाही. फुलांसाठी फवारे सुरू असतात. बायकांसाठी पाण्याचा एक माठ, तोही कोपऱ्यात. आता मालकाला सांगून दुपारचं काम त्यांनी बंद करून घेतलंय.

ह्याच घराण्यातला आणखी एक शब्द तुम्ही रोज ऐकता. वनसंरक्षक, उपवनसंरक्षक. इंग्रजीत कन्झर्व्हेटर. मुंबई इलाख्याचा पहिला कन्झर्व्हेटर १८४७ साली नेमला, अलेक्झांडर गिब्सन. तो पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग सांभाळायचा. बाग जपणाऱ्याच्याच हाती रान दिलं. झाडं तुटली तर पाऊसपाण्यावर परिणाम होईल, असं तो तेव्हाही सांगत होता. ते खरंच होतं. पण सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन वनरक्षकापुढं उभं राहिलेल्या बाईला विचारा, तिच्या मनात प्रश्न वेगळा येतो. रान कुणापासून जपायचं आणि कुणासाठी?

हे सगळं मी पुढच्या बैठकीत वहिनींना सांगितलं. व्हेनिसच्या मुलींच्या जाळीची गोष्ट ऐकून त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ताई, आमचे दीर म्हणतील, जाळी हाय ते बरंच हाय.” मावशींनी तिथल्या तिथं त्यांना झापलं.

मग आम्ही काय केलं, तर संस्थेला फोन लावला. स्पीकरवर टाकला, सगळ्या भोवती बसल्या. फी किती, हप्त्यानं चालेल का, शिष्यवृत्ती आहे का, हे मी विचारलं. वसतिगृह संस्थेचं आहे की बाहेर खोली घ्यावी लागते, हे काकूंनी. शिक्षण इंग्रजीत, मग पोरीला कळायला सुरुवातीला काही मदत करता का, हेही विचारलं. कागद कोणता देता, त्याला मान्यता कुणाची, ते लेखी पाठवा म्हटलं. तुमच्याही घरी कधी असा अवघड नावाचा कागद आला, तर नावाला दबू नका, हे सगळं विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटी वहिनींनी फोन हातात घेतला. म्हणाल्या, “साहेब, शिकून झाल्यावर लग्न झालं तर गायला बंदी न्हाई न्हवं?”

पलीकडचा माणूस गोंधळला. म्हणाला, “नाही हो, अशी बंदी कशाला असेल?”

“न्हाई, इचारून ठेवलेलं बरं,” वहिनी म्हणाल्या.

अर्ज भरलाय. सोबत दोन गाण्यांचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. घरात मिक्सर, बाहेर ट्रॅक्टर, म्हणून रविवारी शाळेची एक खोली मागून घेतली. एक अभंग आणि एक बंदिश. तंबोरा मोबाईलवरचा. बंदिशीच्या मध्यात मावशींना खोकला आला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून गायला लागलं. निकाल पुढच्या महिन्यात आहे. फीच्या पहिल्या हप्त्याचं कर्ज गटातून द्यायचं की नाही, ते येत्या बैठकीत ठरेल. काय होतं ते कळवीन. तोवर रजा घेते, नमस्कार.